सव्वापट शाळा

भाग दहावा. सभागृह. दिवस.

वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी टेबलावर चढते. समोर अख्खी शाळा बसली आहे. वर्षभर तिला 'वाटाणा' सोडून दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलेली नाही.

"मागच्यांना दिसतेय का मी?" ती विचारते.

मागून हात वर होतात. मग ती सांगायला लागते, प्रयोगशाळेतली आग कुणी लावली आणि शाळेतून काढलं कुणाला.

मालिकेच्या पहिल्या पर्वाचा हा शेवट, आणि आम्ही शूट केला तो सगळ्यात आधी. सभागृह एका खऱ्या शाळेचं होतं, सुट्टीपुरतंच मिळत होतं. आमच्या धंद्यात हे रोजचंच. आधी घटस्फोट, मग चहा, मग लग्न, मग ओळख. कुणाला काही वाटत नाही.

मी दाराशी सुईत दोरा ओवून उभी होते. मालिकेचे कपडे माझ्याकडे. टेबलावर होती ती माझ्या बहिणीची मुलगी. बहीण परगावी नोकरीला, म्हणून पोर माझ्या घरी. तिच्यामुळे युनिटमधले सगळे मला मावशी म्हणतात, अगदी माझ्याहून वयाने मोठे लाइटवाले दादासुद्धा.

सकाळी केस विंचरू देत नाही म्हणून जिच्याशी माझं वाजलं होतं, ती ही पोर. ती बोलत होती आणि सभागृहातली पोरं, जी पोटाला तडस लागेपर्यंत बिस्किटं खाऊन कंटाळलेली होती, ती ऐकत होती. खरंच ऐकत होती. लाइटवाले दादा लोकांच्या मरणाच्या सीनला जांभया देतात. त्यांचं तोंड उघडं होतं, पण जांभई नव्हती. मला वाटलं, ही कुठून आली? माझ्याच घरात, माझ्याच गादीवर झोपते, आणि मला पत्ता नाही.

भाग कुठलाच नाही. सुट्टी.

हेडमास्तरांचं काम करणारे नटवर्य न्हाणीघरात घसरले आणि खुबा मोडून घेतला. शूट झालेल्या शेवटच्या भागांत ते होते, म्हणजे आता बदलताही येईनात. शूटिंग कित्येक महिने थांबलं. म्हातारी हाडं सावकाश जुळतात.

कोवळी हाडं मात्र कुणासाठी थांबत नाहीत.

पोर पाय दुखतात म्हणायला लागली. मी तेल लावून दिलं. मग एकदा दुपारी ती झोपली होती, आणि पांघरुणाच्या बाहेर दोन पावलं दिसली. नेहमी तिथे पांघरूण रिकामं असायचं. मी कितीतरी वेळ त्या पावलांकडे बघत बसले. ना आवाज, ना गाजावाजा, कुणाची परवानगीही नाही. घरात कुणीतरी भिंत सरकवावी आणि आपल्याला कळू नये, तसं झालं होतं.

भाग सहावा. व्हरांडा. दिवस.

हेडमास्तर काठी टेकत परत आले. आता सगळं शूटिंग शेडमधल्या सेटवर होतं.

स्कर्टच्या आत मी भरपूर दाब ठेवला होता, वाढतं अंग म्हणून. तो सगळा सोडला. जुन्या दुमडीची रेघ व्हिनेगर लावून, इस्त्री मारून घालवली. तरी स्कर्ट गुडघ्याच्या वर. मग आतून पट्टी जोडली. कपड्याचं एक वेळ जमतं. मुलीचं काय करणार?

मालिकेत तिला छळणारा जो मुलगा आहे, त्याला सेटवर उंट म्हणतात. दहाव्या भागात ती त्याच्या खांद्याच्याही खाली होती. आता शेजारी उभी राहिली तर त्याच्या भुवईला लागली.

"वाटाण्याला शेंग आली की," उंट म्हणाला.

"तू आधी आंघोळ करून येत जा. आता मला सगळा वास येतो," ती म्हणाली.

सगळे हसले. दिग्दर्शक हसले नाहीत. मॉनिटरमध्ये बघत म्हणाले, "सहाव्या भागात एवढी, दहाव्यात तेवढी. लोक म्हणतील, पोरीला शाळेत घातली आणि ती झिजली."

निर्मात्या बाई तिथेच होत्या. त्यांनी आवाज खाली आणला, पण कपड्यांच्या रॅकमागे मी होते आणि माझ्यामागे पोर. बाई म्हणाल्या, "पहिल्या भागात ती बुटकी दिसली नाही, तर तिची गोष्टच उभी राहत नाही. काढून टाका तिचा धागा."

"मग टेबलावरचं भाषण?"

"तेही जाईल. कापल्यावर कुणाला कळतंय काय होतं ते."

दिग्दर्शक वाईट माणूस नाही. त्यांनी तिला बाजूला घेतलं. म्हणाले, "बेटा, गुडघे जरासे वाकव. खांदे पाड. मान आत. बघूया."

तिने वाकवले. जमलं. कॅमेरा कमरेच्या वर ठेवला, उंटाला फळीवर उभं केलं आणि सहावा भाग निघाला.

भाग चौथा. वर्ग. दिवस.

बसलेले सीन बरे गेले. उभे सीन बाकीच्यांना फळ्यांवर चढवून काढले. चालायचं असलं की मात्र पंचाईत. वाकलेल्या गुडघ्यांनी माणूस चालला की खिशात अंडी घेऊन चालल्यासारखा दिसतो. असे सीन दिग्दर्शक पुढे ढकलत राहिले.

ती शिकत गेली. जात्याच हुशार. पोटातून श्वास सोडायचा, पाठीचा वरचा भाग गोल करायचा, हनुवटी छातीकडे. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी ती आकसायची, आपण छत्री मिटतो तशी. बघणारे वाहवा करायचे. मीही केली.

पर्वाचा भाग नव्हे. आमचं स्वयंपाकघर. संध्याकाळ.

ती चौकटीतून आत आली आणि वाकून आली. आमची चौकट काही एवढी ठेंगणी नाही.

"ताठ बस."

"इथे कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

"सवय राहू दे मावशी. इथे सोडली तर तिथे विसरेन."

"आणि ताट अर्धं का ठेवलंस?"

"पोट भरलं."

"तुझं पोट मला शिकवू नकोस."

ती भांड्याकडे बघत म्हणाली, "खाल्लं की वाढते मी."

मी उगाच गॅस पुसला.

"अगं, जाऊ दे ती मालिका," मी म्हटलं. "दुसरी येईल. उंच मुलींनाही कामं मिळतात."

"काम येईल."

"मग?"

"ते टेबल येणार नाही. मला माहितीये मी तिथे काय केलं. तू पण होतीस. ते कापून फेकणार, आणि कुणालाच कळणार नाही की ते झालं होतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. एरवी तिथे दोन पंखांची हाडं लागतात, मध्ये खोलगट. आता तिथे गोल टेकडी होती. ती मला दाखवण्यापुरती ताठ झाली, आणि हात काढायच्या आत पाठ पुन्हा आपली आपण वाकली.

भाग अजून लिहिला जातोय. मीटिंगची खोली.

मीटिंगला मला कुणी बोलावलं नव्हतं. मी टेप गळ्यात तशीच ठेवून गेले.

"सर, तिला वाकवायचं नाही आता."

"मावशी, मला हौस आहे का? चाललाय तो खटाटोप तिच्यासाठीच."

"कळतंय मला. तिलाही कळतंय, म्हणून तर घरी पण वाकते. जेवत नाही. भाषण कापायचं तर कापा, ती रडेल, मी बघेन. पण मला पोर अख्खी परत हवी."

दिग्दर्शकांनी चष्मा काढला. बाई पाणी प्यायल्या.

मग सेट डिझाइन करणारी आमची कलादिग्दर्शिका बोलली. ती एरवी पेन्सिल चावत कोपऱ्यात असते.

"मी मध्यंतरी माझ्या शाळेत गेले होते," ती म्हणाली. "पाण्याचा नळ गुडघ्याएवढा. मी टाचा उंचावून पाणी प्यायचे त्या नळाला. वर्गात गेले तर बाक म्हणजे खेळणी. मला वाटलं, शाळा आकसली."

"बरं मग?" बाई म्हणाल्या.

"मग काही नाही. आपण आठवणीतली शाळा बांधू. मुलगी आहे तेवढी राहू दे. वर्ग मोठा करू."

"किती मोठा?"

तिने पेन्सिल तोंडातून काढली. "सव्वापट."

सुतारांचे मुकादम दाराशी होते. ते म्हणाले, "म्हणजे सगळंच? खुंट्या पण?"

"खुंट्या पण."

"डस्टर?"

"ते आधी."

मुकादमांनी निर्मात्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे. "पहिले दोन भाग राहिलेत फक्त," त्या छतालाच म्हणाल्या. "करा. पण दिसलं पाहिजे."

भाग पहिला. तयारी.

बाक वाढले. फळा वाढला. खिडकीचे गज जाड झाले, दाराची मूठ तिच्या खांद्याशी गेली. डस्टर विटेएवढं. खडू साच्यात ओतून केले, मेणबत्तीसारखे जाड. घड्याळाची तबकडी ताटाएवढी, नकाशातल्या समुद्राला शेजारच्या भिंतीचा आधार घ्यावा लागला.

माझ्याकडे तिचा गणवेश आला. कॉलर सव्वापट, बटणं सव्वापट, टाय इतका रुंद की तिची आई बघती तर म्हणाली असती, मुलीला पडद्यात गुंडाळलंय. दप्तर मी स्वतः शिवलं. ते पाठीवर घेतलं की मागून फक्त पाय दिसायचे.

आणि वर्गात बाकीची मुलं हवीत ना? ती आणली बास्केटबॉलच्या संघांमधून. पाठमोरी, मागच्या बाकांवर. उंटाला खाली उंच टाचा. रोज सकाळी मेकअपवाले दादा वस्तरा घेऊन बसायचे आणि आरोळी द्यायचे, "आठवी ब, दाढीला चला."

सेट तयार झाला त्या दिवशी आम्ही सगळे आत गेलो. मी शपथेवर सांगते, दार ओलांडताच लोकांचे आवाज खाली गेले. कुणी सांगितलं नव्हतं. लाइटवाले दादा, एवढा धिप्पाड माणूस, एका बाकावर बसले आणि त्यांच्या टाचा जमिनीला लागेनात. ते पाय हलवत राहिले.

"मला पाढे विचारू नका कुणी," ते म्हणाले.

निर्मात्या बाई फळ्यासमोर उभ्या होत्या. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. वर फळ्याच्या चौकटीकडे बघत त्या म्हणाल्या, "एवढंच मोठं असायचं, नाही?" आणि कुणी उत्तर द्यायची वाट न बघता बाहेर गेल्या.

भाग पहिला. वर्ग. सकाळ.

सीन साधा. नव्या शाळेतला पहिला दिवस. मुलगी दार उघडते, आत येते, वर्ग बघते, म्हणते, "आठवी ब हीच ना?" आणि चालत पहिल्या बाकापाशी जाते. सगळं उभ्याने. पायांपासून डोक्यापर्यंत एका फ्रेममध्ये. लपवायला काही नाही.

टेक एक.

दार उघडलं. ती आत आली, गुडघे वाकलेले, खांदे पाडलेले, मान आत. त्या मोठ्या खोलीत ते बुटकं दिसलं नाही. आजारी दिसलं.

"कट. बेटा, ताठ चल."

"मग मी मोठी दिसेन."

"दिस."

टेक दोन.

ती ताठ होऊन दारात आली. कॅमेरा दिसला आणि खांदे घसरले. तिने ते ओढून वर घेतले, ते पुन्हा घसरले. तिच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं. ती घाबरली होती. तिला वाटत होतं, पाठ आता तिचं ऐकत नाही.

"कट."

मला पुढे जायचं होतं. मी गेले नाही. मी गेले असते तर ती मावशीसाठी ताठ झाली असती.

दिग्दर्शक उठले. त्यांनी तिला मॉनिटरसमोर आणून स्वतःच्या खुर्चीत बसवलं. "दादा," त्यांनी हाक दिली, "जरा दारात उभे राहा."

धिप्पाड लाइटवाले दादा दारात उभे राहिले. मॉनिटरमध्ये एक माणूस दिसला, बिचारा, नव्या शाळेत आलेला.

"दप्तर द्या त्यांना," ती म्हणाली.

दप्तर दिलं. दादांनी ते पोटाशी धरलं आणि विचारलं, "आठवी ब हीच ना?"

ती हसली. मग हसायची थांबली आणि स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. दादा ताठ उभे होते. पूर्ण ताठ. तरी दाराच्या वरच्या चौकटीपर्यंत केवढी तरी जागा उरली होती.

"ही सगळी जागा माझी?" तिने विचारलं.

"तुझी," दिग्दर्शक म्हणाले.

टेक तीन.

दार उघडलं. ती उंबऱ्याशी थांबली. आधी मान सुटली, मग खांदे, मग पाठ, एकेक मणका जागेवर येत गेला, गुडघे सरळ झाले. एवढी उंच तिला मीही पाहिली नव्हती. आणि ती लहान होती. समोर बाकांच्या रांगा, खिडक्या, तो काळा फळा, आणि दारात एवढीशी मुलगी, पूर्ण ताठ.

"आठवी ब हीच ना?"

ती चालली. मेणबत्तीसारखी सरळ. बास्केटबॉलवाल्यांपैकी एकानेही मान हलवली नाही. पहिल्या बाकापाशी पोचली. सीन इथे संपत होता. दिग्दर्शकांनी कट म्हटलं नाही.

ती मग स्वतःच पुढे गेली. एक जाड खडू उचलला. फळ्याच्या वरच्या कडेकडे पाहिलं, आणि हात उंच केला. टाचा उचलल्या. कंबर ताणली, बगल ताणली, बोटं ताणली. तिच्या अंगात जेवढी उंची होती तेवढी सगळी तिने वर पाठवली, काही मागे ठेवलं नाही. खडू कडेच्या खालीच राहिला.

तिने वळून आमच्याकडे पाहिलं. चेहरा फुललेला.

"पोचत नाही," ती म्हणाली, आणि हात तसाच वर ठेवून उभी राहिली.