टॅरोच्या पत्त्यातली हत्तीण

नई सडकेवर टांगे खोळंबले होते, कारण सगळ्या सवाऱ्या एकाच जिन्यापाशी उतरत होत्या. जिना छत्र्यांच्या दुकानाशेजारून वर जायचा, आणि वरच्या खोलीत प्रोफेसर मिस्री बसायचे. पायरीपायरीवर माणसे उभी. कोणाच्या हातात हार, कोणाच्या हातात नारळ. पत्त्यांपुढे नारळ कसा वाढवायचा हे कोणालाच ठाऊक नव्हते, पण रिकाम्या हाताने जाणे बरे दिसत नाही म्हणून आणलेला.

छप्पन साल होते, दिवाळीच्या तोंडावरचे दिवस. मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, एवढे पक्के झाले होते. कोण जाणार आणि कोण मागे राहणार, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली आमची मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या नोकरीत होती. आधी दरबार गेला, आता कचेरीही चालली. अशा वेळी कोणीतरी काहीतरी ठामपणे सांगावे असे माणसाला वाटते, आणि प्रोफेसर मिस्री सगळे ठामपणेच सांगत.

“मिस्र देश के पिरामिड में उलटा लटककर सीखी है यह विद्या!” मखमली झग्याच्या बाह्या सावरत ते म्हणत. “यह ताश नहीं है, टॅरो है! ताश में आदमी हारता है, टॅरो में आदमी खुलता है!”

झग्यावर जरीचे चंद्र होते. समोर रंगीत चित्रांचे पत्ते. एकात पाय वर टांगलेला माणूस, एकात वीज पडलेला बुरूज, एकात घोड्यावर बसलेला सांगाडा. प्रोफेसरांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. आमच्या शेजारच्या सुलोचनाबाईंनी “बसू का?” विचारले, तर कानाशी हात नेऊन म्हणाले, “जी? क्या फरमाया?”

पण पत्ते काय बोलायचे! सुलोचनाबाईंचे यजमान मानसिंगराव आपल्या पणजोबांच्या तलवारीच्या गोष्टी साऱ्या आळीला सांगत. प्रोफेसरांनी पत्ता उलटला आणि डोळे मिटून म्हणाले, “सरदार, तलवार तो है… पर म्यान से निकलती नहीं. जंग लगी है.” मानसिंगरावांचा चेहरा पडला. ही गोष्ट त्यांनी बायकोखेरीज कोणालाही सांगितली नव्हती. त्या दिवसापासून ते प्रोफेसरांचे सगळ्यात मोठे भक्त झाले. एकच तक्रार होती. तो सांगाडा घोड्यावर नीट बसलेला नाही, बैठक ढिली आहे, असे ते ज्याला त्याला सांगत.

ही गोष्ट सांगणारी मी इंदू. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. लग्न केले नाही, आणि जो भेटेल त्याला “कशावरून?” विचारायची खोड असल्यामुळे ते जमलेही नसते, असे माझ्या वहिनीचे मत आहे. मी भावाकडेच राहते. नव्या सचिवालयात मुली घेणार असे कळल्यावर माझ्या भाचीने, लीलाने, अर्ज केला आणि तिची निवड झाली. पंधरा दिवसांनंतरच्या सोमवारी भोपाळला हजर व्हायचे होते. नाही झाली तर जागा दुसऱ्याला जाणार. आमच्या घराण्यात पगारावर जाणारी ती माझ्यानंतरची पहिली मुलगी. मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी वर्गात कोणालाही रागावले नाही.

दादा आणि अनसूयावहिनी सहज म्हणून प्रोफेसरांकडे जाऊन आले, आणि दादा घरात येताच म्हणाले, “लीला जाणार नाही.”

“का?”

“बुरूज आला. बुरुजावरून माणसं कोसळताहेत. प्रोफेसर म्हणाले, पहाड का शहर है, लड़की ऊंचाई से गिरेगी.”

“दादा, भोपाळात टेकड्या आहेत. माझ्या पहिलीतल्या मुलीदेखील सांगतील.”

“ते त्यांना कसं कळलं? आम्ही भोपाळचं नावही काढलं नव्हतं त्यांच्यापाशी!”

लीला दारात उभी होती. “बाबा, मी बता देते,” ती म्हणाली, “एका कागजाच्या तुकड्यासाठी मी घरी बसणार नाही. फिर जो होगा सो होगा.” एवढे बोलली आणि आत जाऊन रडली. वहिनी पदराला हात पुसत नुसतीच उभी राहिली. मला इतका संताप आला की मी तडक नई सडक गाठली आणि प्रोफेसरांना म्हणाले, “मला ही विद्या शिकायची आहे.”

प्रोफेसर नवशिक्यांचा वर्ग घेत. वर्गात मी आणि सुलोचनाबाई. मानसिंगराव सोबतीला येत आणि सांगाड्याकडे पाहून चुकचुकत. नद्यांचे उगम पाठ करावेत तसे मी सगळ्या पत्त्यांचे अर्थ पाठ केले. अडचण अशी की अर्थ एका जागी राहत नसत. उलट्या टांगलेल्या माणसाचा अर्थ सकाळी एका कारकुनाला “तबादला”, म्हणजे बदली, असा सांगितला होता, दुपारी मानसिंगरावांना “पेट में गैस” असा सांगितला.

“प्रोफेसर, सुबह तो तबादला था,” मी म्हटले.

“सुबह चंद्रमा दूसरी तरफ था, बहनजी. और आप पत्ता मत देखिए. आदमी को देखिए. आदमी को बोलने दीजिए.”

हे एकच वाक्य ते खरे बोलले, पण तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. नियम त्यांचे दोनच. एकट्याने यायचे नाही, घरचे माणूस बरोबर हवे, “अकेला आदमी आधा पत्ता है!” आणि पत्ते पिसताना ते डोळे मिटून बराच वेळ घेणार, तोवर घाई करायची नाही.

एकदा खालचे छत्रीवाले शिवचरणजी आपल्या भावाला घेऊन वर आले. प्रोफेसरांनी पत्ते मांडले आणि म्हणाले, सफर होगा. शिवचरणजी म्हणाले, मी तर दुकान सोडून चौकातही जात नाही. मुलाची चिंता आहे? मूलच नाही. मग पोटाचे दुखणे? “पेट तो भगवान की दया से पत्थर हजम करता है,” शिवचरणजी म्हणाले आणि खाली गेले. त्यांच्या मागून मानसिंगराव आणि सुलोचनाबाई बसले, तर प्रोफेसरांनी सुनेने रुसून भात कसा करपवला ते वासासकट सांगितले. पत्ते तेच, हात तेच. मग मिस्र देशाची विद्या मराठी माणसालाच का लागू पडते?

उत्तर मला सराफ्यात मिळाले. सुलोचनाबाईंना पाटल्या पाहायच्या होत्या. आमच्या लोकांची जुनी रीत अशी की सराफासमोर, टांगेवाल्यासमोर, डॉक्टरासमोरही आपसात बिनधास्त मराठीत बोलायचे. समोरच्याला काय कळतेय! सुलोचनाबाई सराफाकडे बघून हसल्या आणि मला म्हणाल्या, “इंदुताई, फार आवडल्यात, पण चेहऱ्यावर दाखवू नका. मेला चढवून सांगेल.”

सराफ पाटल्या पुसत शांतपणे म्हणाला, “बाई, आवडल्या असतील तर आवडल्या म्हणा. मी कशाला चढवून सांगू?”

सुलोचनाबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मी मात्र तिथेच उभी राहून हसू लागले. सराफाला वाटले, बाईंना काही झाले.

घरी जाऊन मी दादांना गाठले. दादा न्यायखात्यातून निवृत्त झालेले. “दादा, साक्षीदार खरा की खोटा, हे तुम्ही कसं ओळखायचात?”

“ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न विचारून.”

“मग तेच करू या. प्रोफेसर पत्ते पिसत असताना मी मराठीत एक धडधडीत खोटं बोलणार आहे. तुम्ही गप्प राहायचं. पत्ते खरे असतील तर माझं खोटं उघडं पाडतील.”

“आणि पाडलं तर?”

“तर लीला जाणार नाही. मी स्वतः तिची समजूत घालीन.”

“आत्या!” लीला ओरडली. “माझ्या नौकरीवर शर्त लावतेस?” पण दादांनी मान डोलावली होती आणि दादा शब्द फिरवत नसत.

रविवारी खोली गच्च भरली. पुढे आम्ही चौघे, मागे मानसिंगराव, सुलोचनाबाई, आणि दाराशी गंमत बघायला शिवचरणजी. प्रोफेसरांनी डोळे मिटले आणि पत्ते पिसू लागले. मी लीलाकडे वळले आणि हळू, पण त्यांच्या कानापर्यंत जाईल असे म्हणाले, “यांना कळू देऊ नकोस हं. इंदूरला माझं लग्न झालं होतं. नवरा सर्कशीत होता. हत्तीवरून पडून गेला बिचारा.”

वहिनीने माझ्याकडे पाहिले. घरात ती फारशी बोलत नाही, पण तेवढ्यात काय तिच्या अंगात आले कोण जाणे. “हत्ती नव्हे वन्सं, हत्तीण,” ती म्हणाली. “चंपाकली. आठवतंय ना, तेराव्याला ती दारात येऊन उभी राहिली होती?”

दादांनी उपरणे तोंडात कोंबले. लीला छताकडे बघत राहिली.

प्रोफेसरांनी चंद्राचा पत्ता काढला. त्यात दोन कुत्री, आणि तळ्यातून वर येणारा एक खेकडा. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. “बहनजी… आपके जीवन में एक हाथी दिखता है.”

“पण हा तर खेकडा आहे… ये तो केकड़ा है, प्रोफेसर.”

“ऊपर से केकड़ा. भीतर से हाथी!” त्यांचा आवाज चढला. “हाथी नहीं, हथिनी! च… चं… चंपा… चंपाकली! इंदौर में आपका सुहाग इसी की पीठ से गिरा! और तेरहवीं के दिन वह आपके द्वार पर आई! उसकी आत्मा आज भी क्षमा मांगती है!”

मागच्या बायकांनी हात जोडले. सुलोचनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. माझे लग्न झालेले नाही हे त्यांना पक्के माहीत होते, तरीही आले.

दादांनी तोंडातले उपरणे काढले. आवाज न चढवता, मराठीत, ते एवढेच म्हणाले, “माझ्या बहिणीचं लग्नच झालेलं नाही. हे खोटं तुमच्यासाठी रचलं होतं.”

दाराशी उभे शिवचरणजी विचारू लागले, “क्या बोले? बाबूजी क्या बोले?” त्यांना अजून काही कळायचे होते. प्रोफेसरांचा चेहरा मात्र तोवर पांढराफटक पडला होता आणि पत्ते हातातून गळून झग्यावर सांडले होते. ते सगळ्यांनी पाहिले.

“बघितलंत?” मी उठून म्हटले. “यांना मराठी येतं. म्हणून घरचं माणूस बरोबर हवं, म्हणून पिसायला एवढा वेळ. आपण यांच्या तोंडावर आपसात बोलतो आणि हे तेच हिंदीत आपल्याला परत देतात. शिवचरणजी हिंदी बोलणारे, ते यांच्यासमोर घरचं काही बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या पत्त्यात काही निघालं नाही.”

आता लोक प्रोफेसरांना धरून मारतील असे मला वाटले. पण सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आपण या खोलीत काय काय बोललो, ते आठवण्यात प्रत्येक जण गुंतला होता. शेवटी मानसिंगरावांनी घसा खाकरला. “म्हणजे… मी रोज यांना माकडतोंड्या म्हणत होतो, ते यांना…?”

“कळत होतं, सरदार,” प्रोफेसर स्वच्छ मराठीत म्हणाले.

मग सगळी हकीकत बाहेर आली. प्रोफेसर मिस्रला गेलेले नव्हते. नाव गोविंद. एका फिरत्या नाटक मंडळीत पडद्याआडून नटांना वाक्ये पुरवायचे. संस्थानांबरोबर मंडळीचा आश्रय गेला, मंडळी मोडली, आणि हा झगा तेवढा त्यांच्याकडे राहिला. “बाई, मी जन्मभर दुसऱ्याचीच वाक्यं परत दिली,” ते म्हणाले. “लोक खूश व्हायचे. एवढंच येतं मला.” मला त्यांची कीव आली आणि रागही आला. लीलाची नोकरी ते चुकलेल्या वाक्यासारखी पुसून टाकायला निघाले होते. तो राग अजून गेलेला नाही.

“पण मग बुरूज?” दादा म्हणाले. “ऊंचाई से गिरेगी, हे कोण बोललं होतं? मी तर नव्हतो बोललो.”

वहिनी मान खाली घालून बसली होती. “मी बोलले होते,” ती म्हणाली. “प्रोफेसर पत्ते पिसत असताना. म्हटलं, भोपाळ डोंगरावरचं गाव, पोर एकटी, कुठे पडली-झडली तर… तुम्ही ऐकलं नाहीत. यांनी ऐकलं.”

“मग घरी मला का नाही सांगितलंस?”

“घरी कोण विचारतं मला? पत्त्यांनी सांगितलं तर तुम्ही ऐकता.”

मीही, जगाला “कशावरून?” विचारणारी, लीलाच्या जाण्याबद्दल वहिनीला एकदाही काही विचारले नव्हते.

लीला आईशेजारी जाऊन बसली. “आई, तुला मी जायला नको आहे?”

“नको आहे,” वहिनी म्हणाली. “घर खायला उठेल. पण तू जा. जिने जपून उतर, म्हणजे झालं.”

सोमवारी हजर व्हायचे, म्हणून लीला त्याच रविवारी संध्याकाळच्या गाडीने गेली.

वाचकहो, कोणी तुमच्या मनातले ओळखले तर हात जोडण्याआधी एवढेच आठवून पाहा: हे आपण कुठे बोललो होतो, आणि तेव्हा कोण ऐकत होते? बहुतेक वेळा चमत्कार तिथेच संपतो. आणि ज्या घरात बाईला आपल्या मनातले म्हणायला पत्त्यांचे तोंड लागते, त्या घराने पत्ते फाडून भागणार नाही. तिला समोर बसवून विचारावे लागेल.

आमच्याकडे आता रात्री जेवताना दादा वहिनीला विचारतात, “तुझं काय म्हणणं आहे?” पहिले काही दिवस ती “माझं कसलं म्हणणं” एवढेच म्हणायची. काल ती म्हणाली, “मला एकदा भोपाळ बघायचंय.”