पाठ नसलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. समोरून मी अगदी रुबाबदार आहे. काळी लोकर, रुंद कॉलर, चकचकीत बटणं. मागे मात्र नुसत्या नाड्या. आजवर सगळ्यांनी मला समोरूनच पाहिलं, आणि मला त्याचीच लाज वाटते.

तेव्हा आमच्यावर समुद्रापलीकडच्या लोकांचं राज्य होतं. मला शिवून घ्यायला सरकारी फोटोखात्याचे साहेब स्वतः शिंप्याकडे आले.

"माप कुणाचं घेऊ?" शिंप्याने विचारलं.

"कुणाचंच नको. कुणालाही बसला पाहिजे."

"आणि पाठ?"

"पाठ कोण बघतंय? मागून नाड्या आवळू."

शिंप्याने कपाळाला हात लावला. पुढचा भाग मात्र त्याने जीव ओतून शिवला. मीही तेव्हा ताठ मानेने खुंटीवर मिरवत होतो.

माझं काम सोपं होतं. खाणीतला, भट्टीवरचा एखादा माणूस आणायचा, त्याचं तोंड धुवायचं, मला त्याच्या अंगावर चढवायचं. विजार फाटकी असली तरी बिघडत नसे, कारण फोटो कमरेपर्यंतच काढत. तो राजधानीतल्या वर्तमानपत्रांत छापून येई. तिकडची माणसं काही दुष्ट नव्हती हो. चहा पिता पिता ती म्हणत, बघा, आपण त्यांचं किती भलं केलं. तोच फोटो आमच्या गावांतही पोचे. इथली माणसं म्हणत, सगळ्यांचं बरं चाललंय, आपलंच नशीब फुटकं. मग तक्रार कोण करणार?

ते राज्य तोफांच्या जोरावर टिकलं असं तुम्हाला शिकवतील. तोफा होत्याच. पण रोज उठून घरोघरी तोफ कशी नेणार? तिथे मला पाठवायचे.

एकदा खाणीतला एक पोरगा आला. इतका वाळलेला की नाड्यांना दुहेरी वेढे द्यावे लागले. त्याचा खोकला थांबेना. त्याच्या बरगड्या माझ्या अस्तराला लागत होत्या. दोन उबळींच्या मध्ये फोटोवाल्याने डाव साधला. फोटो झकास आला. त्यात खोकला कुठून दिसणार?

पुढे बऱ्याच दिवसांनी त्याचा बाप आला. वीटभट्टीवर राबून हात भाजलेला, अबोल माणूस. थोरला खोकून खोकून खाणीतच गेला होता. धाकटाही त्याच खाणीत होता, आणि त्याला घरी न्यायला बाप रजेचा अर्ज घेऊन आला होता. साहेब म्हणाले, "सही करतो की. आधी एक फोटो होऊन जाऊ दे."

फोटोवाल्याच्या हाताखाली काम करणारा त्याचा मेव्हणा मला बापाच्या अंगावर चढवून मागे नाड्या बांधू लागला. बापाने हात मागे नेला. त्याच्या हाताला स्वतःचा घामेजलेला सदराच लागला.

"माझ्या थोरल्याला हाच घातला होता का?"

"सगळ्यांना हाच घालतो, बाबा."

बापाने माझी कॉलर चाचपली. मग हळूच म्हणाला, "घरी तो फोटो भिंतीवर लावलाय. धाकटा म्हणत होता, मी नाही जात. मीच त्याला फोटो दाखवला. म्हटलं, बघ, दादाचा कोट बघ."

मेव्हण्याचे हात थबकले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "चला आजोबा, जरा हसा. सही करायचीय ना?"

तो हसला. काय करणार बिचारा. इतका छान हसला की तसा फोटो त्या खोलीत पुन्हा निघाला नाही. त्याच्याखाली छापलं, 'खाण कामगाराचे समाधानी वडील'. तो फोटो गावोगाव गेला आणि तो पाहून आणखी कुणाकुणाच्या बापांनी आपली पोरं खाणीत धाडली. मी काय करू शकलो असतो? नाडी तरी तोडायची होती. तेवढंही मला जमलं नाही.

ते राज्य गेलं. आता मी संग्रहालयात काचेमागे आहे, पाठ भिंतीकडे. तुमच्यासारखी मुलं येतात आणि म्हणतात, त्या काळी कामगारसुद्धा काय झोकात राहायचे. मला काचेतून बाहेर पडून पळून जावंसं वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका, खुशाल कसर लागू द्या. पण शेजारच्या भिंतीवर तो हसरा बाप आहे, त्याच्यापाशी थांबा आणि इथल्या मोठ्या माणसांना विचारा, साहेबांनी सही केली का? धाकटा घरी आला का?

मला कुणीच सांगितलेलं नाही.