साडूपेक्षा शांत

विमा कंपनीत लोकांचे दावे तपासणं हे त्याचं काम, म्हणून सासरकडचे सगळे त्याला तपासनीस म्हणायचे. दुकान आपोआप जळालं की मालकाने जाळलं, हे आपल्याला नुसत्या राखेच्या वासावरून कळतं, असं तो स्वतःच सांगायचा. त्याच्या साडूने दिवाणखान्यात मोठा पडदा लावला, त्याला कॉम्प्युटर जोडून घरातच थिएटर केलं आणि सगळ्यांना सिनेमाला बोलावलं. बाकीच्यांनी सिनेमा पाहिला. तपासनीसाने कॉम्प्युटर ऐकला.

"गिरणी बसवलीय का त्याने?" परत येताना तो बायकोला म्हणाला. "तिकडे नायिका रडतेय आणि इकडे दळण चाललंय."

"मला नाही ऐकू आलं." बायको दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दिवसभर ड्रिलशेजारी उभं राहिल्यावर पंख्याची घरघर तिच्या खिजगणतीतही नसायची.

"आपण करू. त्याच्यापेक्षा शांत आणि त्याच्यापेक्षा स्वस्त."

"करा," बायको म्हणाली. तो शब्द तिला फार महागात पडला.

सुरुवात शहाण्यासारखी झाली. मोठा प्रोसेसर घेतला तर तो तापणार, तापला की पंखा बोंबलणार. म्हणून त्याने कमी वीज खाणारा, साधा प्रोसेसर निवडला. चित्र दाखवायची सोय त्याच्या पोटातच होती, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचा खर्चही वाचला आणि त्याचा पंखाही टळला. फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी न फिरणारी, बिनआवाजाची एसएसडी घ्यायची, हेही ठरलं. इथे थांबला असता तर महिन्याभरात घरात सिनेमा लागला असता.

पण मग पंख्यांची पाळी आली. प्रोसेसरवर एक पंखा लागणार, कॉम्प्युटरच्या पेटीला एक लागणार. मोठा पंखा सावकाश फिरतो आणि कमी आवाज करतो, एवढं त्याने वाचलं होतं. पण वाचलेल्यावर विश्वास ठेवला तर तो तपासनीस कसला? तो दुकानात जायचा, पंखा सुरू करायला लावायचा आणि डोळे मिटून त्याला कान लावायचा. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"साहेब," दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "पंखा आहे तो. छातीचे ठोके नाहीत."

"रस्त्यावरचा आवाज येतोय. दार लावता का जरा?"

दुकानदाराने दार लावलं. बाहेर उभी असलेली दोन गिऱ्हाइकं दुकान बंद झालं समजून निघून गेली.

घरी जेवताना मुलगी म्हणायची, "बाबा, मीठ द्या." आणि हा म्हणायचा, "रबराच्या!" म्हणजे पंखा लोखंडी स्क्रूने बसवायचा की रबराच्या खुंट्यांनी, याचा निर्णय तेवढ्यात झालेला असायचा. पॉवर सप्लाय तर त्याने दोनदा बदलून आणला. त्यातून बारीक शीळ येते, असं त्याचं म्हणणं होतं. ती शीळ घरात दुसऱ्या कोणालाच ऐकू आली नाही, याचा त्याला अभिमानच वाटला. रविवारी दुपारी मायलेकी "मावशीकडे जाऊन येतो" म्हणून निघायच्या. तो वर न बघता हात हलवायचा.

अखेर कॉम्प्युटर तयार झाला. साडू आणि मेहुणी मुद्दाम बोलावून आणले गेले. पडदे ओढले, दिवे मालवले.

"लावा की आता," साडू म्हणाला.

"लावलाय."

"कुठे? काहीच आवाज नाही."

या वाक्यासाठी तपासनीसाने संसार बाजूला ठेवला होता. तो नुसता हसला.

सिनेमा विनोदी होता, नवा होता. खोलीत इतकी शांतता होती की साडूच्या पोटातली गुरगुरसुद्धा स्वच्छ ऐकू आली. आणि मग मागच्या खुर्चीवरून मुलीची कुजबुज आली, "मावशी, आता तो पाण्यात पडतो बघ."

तो पाण्यात पडला.

थोड्या वेळाने बायको हसली. विनोद त्यानंतर झाला.

तपासनीसाने सिनेमा थांबवला आणि दिवे लावले. "कितव्यांदा बघताय?"

साडू छताकडे बघायला लागला.

"दुसऱ्यांदा," बायको म्हणाली. "ही तिसऱ्यांदा."

"म्हणजे रविवारी तुम्ही दोघी..."

"मावशीकडे जातो म्हणालो, मावशीकडेच गेलो. तिथे जाऊन काय करतो, ते तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

लोकांच्या दाव्यातलं खोटं हुडकून काढणाऱ्या माणसाला या दाव्यात काही खोटं सापडेना. तेच त्याला जास्त लागलं. "अगं, पण हे सगळं मी तुमच्यासाठीच करत होतो ना?"

"आम्हाला सिनेमा बघायचा होता," बायको म्हणाली. "ऑपरेशन थिएटर नव्हतं उघडायचं."

मेहुणीला हसू आवरेना. मुलगी तर उघडच हसली. तपासनीसाचा चेहरा उतरला. आतल्या खोलीत जाऊन तो पलंगावर बसला आणि सिनेमा त्याच्यावाचून पुढे सुरू झाला. त्याने कान टवकारले. भिंतीपलीकडून संवाद येत होते, हसू येत होतं, कॉम्प्युटरचा आवाज मात्र येत नव्हता. एवढं समाधान त्याला कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. तेवढ्यात दार ढकलून साडू आत आला.

"राग मानू नका, साडूभाऊ."

"नाही मानला."

साडू पलंगाच्या कडेला टेकला. मग हळूच म्हणाला, "एक विचारू का? माझा कॉम्प्युटर खरंच फार आवाज करतो का हो?"

तपासनीसाने त्याच्याकडे बघितलं. पुष्कळ दिवसांनी त्याला कोणीतरी प्रश्न विचारला होता.

"ऐकवत नाही," तो म्हणाला.

त्यानंतरच्या रविवारी दोन्ही साडू मिळून दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना लांबूनच पाहिलं आणि न सांगता दार लावून घेतलं. या वेळी मात्र आतून, कडी घालून. ते दोघे दुसऱ्या दुकानाच्या शोधात निघाले. इकडे तपासनीसाच्या घरी दोघी बहिणी आणि मुलगी सिनेमा लावून बसल्या होत्या, आवाज पार शेवटपर्यंत वाढवून.

"लवकर येतील का गं ते?" मेहुणीने विचारलं.

"छे," बायको म्हणाली. "अजून रबराच्या खुंट्या राहिल्यात."