पिवळ्या रेघेच्या आतला रांजण

त्या सोमवारी ऊन वर आलं, तरी मला भरायला कुणी आलं नाही. रोज सकाळची पहिली एष्टी यायच्या आत मी काठोकाठ भरलेला असायचो. त्या दिवशी तळाशी कालचंच पाणी होतं. बऱ्याच वेळाने धर्माजी आले. त्यांच्या हातात हंडा नव्हता. ते माझ्याजवळच्या दगडावर नुसतेच बसले. समोरच्या बारचं शटर उघडता उघडता गोकुळने विचारलं, "काका, आज एकलंच? काकू कुठंय?"

"गेली. पहाटं."

"अवसरीला?"

"न्हाई रे बाबा."

गोकुळने अर्धवट वर गेलेलं शटर पुन्हा खाली ओढलं आणि तो धर्माजींजवळ जमिनीवर बसला. आक्काबाई गेल्याचं मला असं कळलं.

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. लेण्याद्रीकडे जाणाऱ्या वाटेवर एक बाजारगाव आहे. तिथल्या पेठेच्या तोंडाशी पत्र्याच्या सावलीत मी उभा आहे. धर्माजी आणि आक्काबाई या नवराबायकोने चालवलेल्या पाणपोईचा मी रांजण.

माझी माती ओढ्याकाठची. कुंभाराने ती पायाने तुडवली, तिच्यात लीद आणि राख मिसळली, मला चाकावर घडवलं आणि ओला असतानाच थापटून थापटून मोठं केलं. भट्टीतून निघालो तेव्हा माझं पोट एका माणसाच्या कवेत मावत नव्हतं. आक्काबाई अवसरी बुद्रुकच्या. माहेराहून येताना त्यांनी मला टेंपोत घालून आणलं. वाटेत गवताच्या पेंढ्यांवर मला धरून त्या स्वतः मागे बसल्या होत्या. इथे आल्यावर धर्माजींनी खड्डा खणला, वाळू भरली आणि मला कमरेपर्यंत वाळूत बसवलं.

पाणपोई का घातली, तेही सांगतो. धर्माजींच्या वडिलांना लहानपणी याच पेठेत तहान लागली होती. पाणी देणाऱ्याने आधी विचारलं, "कुणाचा रं तू?" त्यांनी खरं सांगितलं. मग पाणी मिळालं नाही. पुढे घराण्याने धम्म घेतला, पोरं शिकली, धर्माजी एष्टीत मेकॅनिक झाले. पण ती गोष्ट घरात राहिली. लग्न होऊन आलेल्या आक्काबाईंना सासऱ्यांनीच ती सांगितली. तेव्हा त्यांनी मनाशी एक नियम केला, की पाण्याला आलेल्या माणसाला काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, काहीच नाही.

पहिल्या उन्हाळ्यात वरच्या आळीची माणसं माझ्याकडे न बघता जात. आक्काबाई कुणाला बोलवत नसत आणि कुणावर रागावतही नसत. एका दुपारी त्याच आळीतल्या एका म्हातारीला भोवळ आली. आक्काबाईंनी तिला पाणी दिलं. तिने दोन पेले पिऊन तिसरा मागितला. त्यानंतर वरच्या आळीचीही माणसं थांबू लागली. लेण्याद्रीचे जिने उतरून दमलेले लोक यायचे, बाजारकरी यायचे, शाळेची पोरं यायची. तेव्हा शाळकरी असलेला गोकुळही त्यातच होता. "लई गार पाणी हाय, आक्का!" असं कुणी म्हटलं, की आक्काबाई ओल्या फडक्याने माझा गळा पुसायच्या. ते माझ्या सुखाचे दिवस होते.

मग पेठेची हद्द ठरली. पर्यटक यावेत, धंदा वाढावा म्हणून असा निर्णय झाला, की एवढ्या हद्दीत संध्याकाळी रस्त्यावर टेबलं मांडून उघड्यावर दारू प्यायला हरकत नाही. हद्द कळावी म्हणून रस्त्यावर पिवळी रेघ मारायची होती. डबा आणि ब्रश घेऊन एक पेंटर आला.

"आक्का, रांजण हलवा. लाईन हितनं जायाचीय."

"लाईन तुमची, रांजण माझा. तुमी घ्या की वळसा."

"वळसा न्हाई चालत. मग रांजण आत येतोय बगा."

"यिऊ द्या. आत काय अन् भाईर काय, तहान सारखीच."

पेंटर हसला. धर्माजी मात्र म्हणाले, "अगं, आत्ताच पलीकडं नेऊ. मागनं जड जाईल." आक्काबाईंनी ऐकलं नाही. "माणसांच्या पायाला ही जागा पडलीया," त्या म्हणाल्या. "तहानलेल्याला हुडकाया लावू नये." ब्रश माझ्या बाहेरून फिरला आणि मी रेघेच्या आत राहिलो.

गोकुळच्या बारची टेबलं रस्त्यावर आली. "काय राव, आता भिताडाआड जायाला नको!" म्हणत माणसं खुर्च्यांवर पसरू लागली. पुण्याचे पाव्हणे येत, तसे गावचेही येत. गावच्यांत सुनील होता. दिवसभर तो जीपने भाविकांना लेण्याद्रीला सोडायचा. एका संध्याकाळी हातात पेला घेऊन तो माझ्यापाशी आला. पेल्यात आधीच काहीतरी होतं.

"आक्का, घाला की थोडं."

आक्काबाईंनी पेल्याकडे पाहिलं. मग सुनीलच्या तोंडाकडे पाहिलं. विचारायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. त्यांनी पाणी घातलं. त्याच्यामागे दुसरा आला, तिसरा आला. "बाटलीच्या पाण्याला मागं टाकतंय बरं का आक्काचं पाणी!" एकजण ओरडला आणि सगळी टेबलं हसली. मित्रांनो, कौतुक झालं आणि मला वाईट वाटलं, असं पहिल्यांदाच घडलं.

असं किती दिवस चाललं, मी मोजलं नाही. एका सकाळी सुनीलची बायको सोनीबाई आली. तिच्या कपाळावर टेंगूळ होतं. आक्काबाईंनी पेला पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"तहानंला न्हाई आले मी. तुमी पाणी वाटता म्हनं. तुमचं पाणी माझ्या घरात रोज रातच्याला कसं येतं, त्ये एकदा बघाया या."

"सोने, दारू मी देती का गं?"

"दारू गोकुळ देतो. पर निम्मा पेला तुमचाच की!"

एवढं बोलून ती गेली. आक्काबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. धर्माजी आले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता विचारू का येणाऱ्याला? कशाला पायजे पाणी म्हणून?"

धर्माजी म्हणाले, "तुझी तूच बघ. पर एकदा इचाराया लागलीस, की मग थांबायचं कुठं?"

"मग सोनीच्या कपाळाचं काय?"

"रांजण हलवू."

"हलवू," आक्काबाई म्हणाल्या. "एष्टी स्टँडापाशी लिंब हाय, तिथं सावली ऱ्हाती. पेल्यात घालाया एवढ्या लांब कोण येत न्हाई. माझंच चुकलं. तवाच ऐकाया पायजे व्हतं तुमचं."

"आता तरी ऐकतीस का?"

"आता ऐकते. घ्या, नाचा."

दोघंही हसली. त्या हसण्यानंतर मी त्यांचं हसणं ऐकलेलं नाही.

मला हलवणं सोपं नाही. वाळू उकरावी लागते, दोरांची शिंकाळी करून बांबूंना बांधावी लागते आणि चौघांनी एकदम खांदा द्यावा लागतो. गोकुळच स्वतःहून म्हणाला, "काका, मंगळवारी बार बंद असतो. आमी चौघं येतो." मंगळवार ठरला. रविवारच्या बाजारात आक्काबाईंनी दिवसभर पाणी दिलं. संध्याकाळी छातीत कळ आली म्हणून त्या घरी गेल्या. सोमवारी पहाटे त्या गेल्या.

ठरल्याप्रमाणे गोकुळ मंगळवारी आला. माणसं होती, बांबू होते, दोर होते. धर्माजी माझ्यापाशी बसून होते. त्यांचा हात माझ्या गळ्यावर होता, जिथे आक्काबाई ओलं फडकं फिरवायच्या.

"काका, उचलायचा ना?"

"आज ऱ्हाऊ दे."

"काकूनीच सांगितलं व्हतं."

"ठाव हाय. तिनंच बसवला व्हता हितं. आज ऱ्हाऊ दे."

गोकुळने दोर सोडले. पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला आणि पुन्हा तसाच गेला. आता तो विचारत नाही, पण बांबू त्याने बारच्या भिंतीला उभे करून ठेवले आहेत.

धर्माजी रोज येतात. ते मला भरत नाहीत. भरलं तर पाणी संध्याकाळी पेल्यात जाईल, आणि न भरलं तर दुपारी तहानलेला माणूस तसाच परत जाईल. दोन्ही त्यांना सोसत नाही. शाळेची पोरं येतात, माझ्यात डोकावतात आणि निघून जातात. परवा सोनीबाई आली होती. माझ्या कोरड्या पोटाकडे बघून तिने डोळ्याला पदर लावला. सुनील अजून समोरच्या टेबलावरच बसतो. आता पाणी गोकुळकडून घेतो.

मित्रांनो, तहानलेल्याला पाणी देताना त्याला काही विचारू नका. पण पाणी कुठं ठेवायचं, ते वेळेवर ठरवा. आणि आपल्या माणसाने सांगितलेलं काम असेल, तर ते त्याच्या डोळ्यांदेखत करा.

एष्टी स्टँडाजवळच्या लिंबाखाली खड्डा खणलेला नाही. मला अजून कुणी हलवलेलं नाही.