तीन महिने विजेविना

प्रबंधाची बांधीव प्रत तिने टेपकाकांच्या हातात ठेवली. प्रयोगशाळेची देखभाल करणारे हे काका मोडलेलं काहीही काळ्या टेपने सांधत, म्हणून हे नाव. त्यांनी आधी हात पँटला पुसले, मग पान उलटलं.

"आता डॉक्टर! डोकं दुखलं तर गोळी द्याल ना?"

"डोकं दुखवायचीच पदवी आहे ही, काका."

तोंडी परीक्षा परवाच पार पडली होती. संगणकाची मेमरी साठवलेलं जपायला सतत वीज खाते. तिच्या चिपला ती लागत नव्हती. मजकूर भरून, वीज तोडून तिने चिप तीन महिने गरम पेटीत ठेवली, आणि वाचली तेव्हा एक अक्षरही इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. त्या दिवशी ती जिन्यात बसून आनंदाने रडली होती. शेवटचं प्रकरण त्यावरच उभं होतं. तिचे मार्गदर्शक सर आज ते शोधनिबंध म्हणून पाठवणार होते.

"आभारांत पहिलं नाव तुमचं आहे."

काकांनी ती ओळ दोनदा वाचली.

"तशी थोडी मदत झालीच हो माझी. पेटीमागची तुमची वायर निघाली होती, पहिल्याच दिवशी. म्हटलं, पोरीची पाच वर्षं पाण्यात जातील. लावली परत. सुट्टीतसुद्धा येऊन बघून जायचो."

चिप तिने पुढच्या दारातून काढली होती. मागे बघायची वेळच आली नव्हती. ती पेटीमागे वाकली. स्वतःच्या हाताने काढलेली चिपची वायर घट्ट बसलेली होती.

"काय झालं? नीट नाही लागली?"

काका काळजीने बघत होते.

"अगदी नीट लागलीय, काका."

ती तडक सरांच्या खोलीत गेली.

"सर, निबंध पाठवू नका. चिपला वीज चालू होती. तिन्ही महिने."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"समितीला कळवावं लागेल. पदवी अडकेल."

"माहीत आहे."

"पण वायर जोडलेली राहिली कशी?"

"मी काढायला विसरले."

"तू? पाच वर्षांत साधा दिवा बंद करायला विसरली नाहीस."

"हे एकदाच, सर," ती म्हणाली.