जिभेखालची गोळी

मैनाबाईच्या छातीत सकाळपासून दुखत होतं आणि डावा हात खांद्यापासून जड झाला होता. हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. गेल्या वर्षी ते तिच्या नवऱ्याला, जानरावांना झालं, तेव्हा त्यांच्या कपाळावरचा घाम पाहून तिनेच आरडाओरड केली होती. अर्ध्या गावाने त्यांना गाडीत घालून अमरावतीला पोचवलं आणि डॉक्टरांनी दारातूनच आत नेलं. तेव्हापासून जानराव म्हणजे घरातला देव. त्यांना जिना नको, तिखट नको, उलट बोलणं तर नकोच. जिभेखाली ठेवायची गोळी सदऱ्याच्या खिशात कायम.

मैनाबाई मात्र आज भाकरी थापून, भांडी घासून मगच एसटीने अकोल्याला आली. एकच जागा रिकामी होती. तिथे जानराव बसले, कारण त्यांना उभं राहणं सोसत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं जानरावांना, "काय होतंय यांना?"

आमच्याकडे ही रीतच आहे. दुखणं बाईचं, तोंडही तिला दिलेलं, पण सांगणार नवरा.

"काई नाई साहेब. एकादशीचा उपास केला, पित्त झालं. थोडी घाबरट हाये."

"छातीत दुखून राह्यलं," मैनाबाई मध्येच म्हणाली. "याईले झालं होतं, तसंच."

डॉक्टर हसले. "मावशी, नवऱ्याचं दुखणं काढलं की बायकांना तसंच वाटायला लागतं." तरी मनातली शंका जावी म्हणून त्यांनी ईसीजी लिहून दिला.

ईसीजी काढणारी बाई जेवायला गेली होती. मशीन मोकळं होतं आणि शेजारी एक माणूसही बसून होता. "मी काढतो की," तो म्हणाला. जानरावांनी डोळे वटारले.

"बाईमाणसाचं पोलकं तुमी काढान काय? बाई येईन तवा पाहू."

"काढू द्या वो त्याईले," मैनाबाई म्हणाली. तिला पोलक्याची लाज आता उरली नव्हती, तिला जगायचं होतं.

"चूप बस."

ती बाकावर बसली. पाठीवरून घाम ओघळत होता. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला. "अवो, तुमची गोळी द्या ना एक."

"माह्या हार्टची हाये ते. पित्तावर काय करशीन तिचं? आन् एकच उरली."

मग मैनाबाईला कोरडी ओकारी आली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाहून जानराव पहिल्यांदा घाबरले, पण स्वतःसाठी. आपलंही असंच झालं होतं, हे त्यांना आठवलं. त्यांनी छातीवर हात दाबला. "मले काईतरी होऊन राह्यलं!"

मग काय विचारता! पायल सिस्टर स्ट्रेचर घेऊन धावली, डॉक्टर धावले, मशीनवाला तर सगळ्यांच्या पुढे. सदरा काढताना लाजेचा प्रश्न कुणाला पडला नाही. पायलने सदरा आणि चपला मैनाबाईच्या मांडीवर ठेवल्या. "आजी, हे सांभाळा. आजोबांना काही होणार नाही."

सदऱ्याच्या खिशात तिच्या बोटांना गोळी लागली. तिने पाकीट फोडलं, गोळी तोंडाशी नेली, तेवढ्यात आतून आवाज आला.

"शिवमची माय, माही गोळी आण!"

लग्न झाल्यापासून या आवाजाला ती उठत आली होती, जेवणाच्या ताटावरून आणि बाळंतपणाच्या खाटेवरूनसुद्धा. आज उठता आलं नाही, म्हणून पायल आली. मैनाबाईने गोळी तिच्या हातावर ठेवली. सांगताना संताप होतो, पण तिने ठेवली.

जानरावांचा ईसीजी अगदी स्वच्छ निघाला. "नुसते घाबरलात काका," डॉक्टर म्हणाले. जानराव उठून बसले आणि त्यांना तरतरी आली.

पायल दारातून डोकावली. "आजी, आजोबा ठीक आहेत बरं का. त्यांच्यासाठी चहा आणता?"

मैनाबाई भिंतीला टेकून बसली होती. सदऱ्याची नीट घडी मांडीवर होती. पायलने दोनदा हाक मारली, मग जवळ जाऊन तिचा खांदा हलवला.

"साखर कमी सांग म्हणा तिले," आतून जानराव म्हणाले.