फेस दगडाचा

“फेस येतोय म्हणजे मळ निघतोय,” व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

मावशी दारामागच्या कोपऱ्यात उकिडव्या बसल्या होत्या. कुणाला दिसणार नाही अशा जागी त्यांनी मुद्दाम ॲसिडचा एक थेंब टाकून दाखवला होता, आणि फरशीवर पांढरं खदखदत होतं.

“साहेब, फेस मळाचा नाही, दगडाचा आहे. संगमरवर आहे हा. ॲसिड त्याला खातं.”

उद्या मोठे साहेब येणार होते आणि दिवाणखान्याएवढ्या त्या प्रवेशदालनात चहाचे पिवळे डाग होते. मावशींनी आता आपल्याला शिकवू नये, असं व्यवस्थापकांनी सुनावलं. त्यांची पदवी केबिनमध्ये चौकटीत लावलेली होती. शिक्षण भिंतीवर टांगलं की डोक्यात ठेवायची गरज उरत नसावी.

मावशींची पदवी बोटांच्या सोललेल्या सालींवर होती. तेवीस वर्षं त्या ही कचेरी धूत होत्या. संडासातल्या टाइलवर ॲसिड ओता, टाइल ढिम्म राहते आणि क्षार तेवढा फसफसून सुटतो. पत्र्याच्या बादलीत ठेवलं तर बादलीच जाते. पातळ करायचं तर आधी पाणी आणि मग त्यात ॲसिड; उलट केलं तर तोंडावर उडतं. ब्लीचिंग पावडरीशी गाठ घालून दिली तर छाती धरून बाहेर पळावं लागतं. सांडलं तर वर खायचा सोडा. हे त्यांना कुणी फळ्यावर लिहून दाखवलं नव्हतं.

पण हुकूम तो हुकूम. त्यांनी ओतलं.

सकाळी डाग गेले होते आणि त्यांच्याबरोबर फरशीची झिलईही. करपलेलं पातेलं घासून काढल्यावर दिसतं तसे मोठमोठे खरखरीत पट्टे उमटले होते. हे कुणी केलं, असं मोठ्या साहेबांनी विचारलं. व्यवस्थापकांनी मावशींकडे बोट दाखवलं, आणि ते दाखवताना त्यांची मानसुद्धा खाली गेली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दुपारी कारकुनाने छापील कागद आणला. ‘माझ्या अज्ञानामुळे फरशीचे नुकसान झाले.’ मावशींनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं आणि उद्या सही करते म्हणून सांगितलं.

घरी सून म्हणाली, “करून टाका सही, आई. निवृत्तीला वर्षच तर राहिलंय. घालवलं कामावरून तर काय करायचं?”

सुनेचं चुकत नव्हतं, म्हणून तर मावशींचा आणखी संताप झाला. रात्रीची भाकरीही त्यांना गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारकुनाचंच पेन मागून घेतलं, ‘अज्ञानामुळे’ हा शब्द खोडला आणि खाली सही केली. कारकुनाने नवीन कागद छापून आणला. त्यांनी पुन्हा तोच शब्द खोडला. तिसऱ्या वेळी व्यवस्थापकांनी त्यांना आत बोलावलं.

“ओतलं मीच,” मावशी म्हणाल्या, “ते हवं तितक्यांदा लिहून देते. पण अज्ञान माझं नव्हतं साहेब.”

एवढी मिजास असेल तर मागच्या इमारतीत संडास धुवायला पाठवीन, असं व्यवस्थापक म्हणाले.

“पाठवा. तिथं टाइल आहेत.”

खोडलेला कागद तसाच फायलीला लागला आणि मावशी मागच्या इमारतीत गेल्या. तेवीस वर्षं ज्या फरशीवर त्यांनी पायताण घालून पाऊल टाकलं नव्हतं, तिकडे फिरकायचीही त्यांना मनाई झाली. हे मात्र त्यांना लागलं.

आठवड्याने त्यांच्या जागी आलेली बाई विचारत विचारत तिथे पोचली. तिच्या हातात ॲसिडची भरलेली बाटली होती. मावशींनी गेल्या वेळी जास्त ओतलं, या वेळी बेताने घालून ते पट्टे घालव, असं व्यवस्थापकांनी तिला सांगितलं होतं. बेताने म्हणजे किती, हे तिला मावशींना विचारायचं होतं.

मावशींनी तिच्या हातातून बाटली काढून घेतली, आपल्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली.

“साहेबांना सांग, बाटली मावशींकडे आहे. हवी असली तर स्वतः येऊन मागा म्हणावं.”

साहेब आले नाहीत.